हजार सामन्यांचा शिलेदार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ या शहराच्या क्लबाने ९ डिसेंबर २००६ रोजी पोर्ट व्हेलविरुद्ध स्वतःच्याच मैदानावर जो सामना चार गोलांनी गमावला, त्याची आठवण ठेवण्याचे त्या दोन क्लबांच्या दप्तराबाहेर वस्तुतः कोणालाही कारण नव्हते. तिसऱ्या श्रेणीतील असे पराभव दर शनिवारी होतात आणि सोमवार उजाडेपर्यंत विस्मृतीत जातात. तथापि त्या दिवशी बोर्नमथच्या आघाडीला, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले आणि सदरा विजारीबाहेर आलेला असा, चाळिशी उलटून आठ महिने होत आलेला जो गृहस्थ धावत होता, त्याच्या कारकिर्दीतील तो हजारावा सामना होता. स्टीव्ह क्लॅरिज हे त्याचे नाव. बावीस वर्षांपूर्वी, १९८४ साली, याच क्लबाने त्याला पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून घेतले होते आणि मोजक्या सामन्यांनंतर निरोपही दिला होता. मधल्या काळात त्याने इतके क्लब बदलले की, ती नामावळी संपूर्ण देऊ गेल्यास हा लेख रेल्वेच्या वेळापत्रकासारखा दिसू लागेल.

अशा खेळाडूकडे पाहण्याची एक ठरीव दृष्टी आहे. तो अस्थिर, चंचल, कोठेही न रुजणारा, असे मानण्यात येते. आणि एकाच क्लबात वीस वर्षे काढणाऱ्याच्या निष्ठेचे गोडवे गाताना ही उणीव हटकून सांगितली जाते. हा अभिप्राय मला अन्यायाचा वाटतो. तो का, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलचा कायदा थोडासा पाहिला पाहिजे.

मराठी वाचकाला शिवकालीन घोडदळातील बारगीर आणि शिलेदार यांचा भेद सांगावयास नको. बारगीराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे, तो पागेचाच माणूस. शिलेदार स्वतःचे घोडे नि स्वतःची शस्त्रे घेऊन चाकरीस येई, आणि घोडे लढाईत पडले तर तो तोटाही पुष्कळदा त्याच्याच पदरी पडे. १९६१ पर्यंतचा इंग्लिश फुटबॉलपटू हा निखालस बारगीर होता. त्याचा पगार आठवड्याला वीस पौंडांपेक्षा अधिक असू नये, असा सर्व क्लबांचा संगनमताने केलेला नियम होता. आणि त्याहून जाचक गोष्ट अशी की, करारनाम्याची मुदत संपल्यावरही त्याची नोंदणी क्लबाच्याच ताब्यात राही, म्हणजे क्लब त्याला खेळवणार नाही, पगारही देणार नाही, आणि तरीही दुसरीकडे जाऊ देणार नाही, ही स्थिती पूर्णपणे कायदेशीर होती. पगाराची मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये, खेळाडूंनी संपाची धमकी दिल्यावर, उठली. दुसऱ्या बेडीविरुद्ध न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला. त्याआधी क्लबाशी बिनसले असता त्याने काही महिने बुचांची विक्री करून पोट भरले होते, हा तपशील मला त्या साऱ्या कज्ज्यात सर्वांत बोलका वाटतो. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धती व्यवसायस्वातंत्र्यावर गैरवाजवी निर्बंध घालणारी आहे, असा निर्णय दिला. पुढे १९७८ मध्ये मुदत संपलेल्या खेळाडूला आपला क्लब निवडण्याची मोकळीक मिळाली, आणि डिसेंबर १९९५ मधील बोसमन खटल्याच्या निकालाने तर युरोपभर हस्तांतराच्या रकमेची अखेरची साखळीही बरीचशी तुटली. बारगीराचा शिलेदार झाला.

परंतु मोकळीक ही दोन्ही बाजूंनी असते, याचा अनुभव वरच्या श्रेणीतील नामांकितांना फारसा आला नाही; तो आला तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतील सामान्यांना. ज्याला जाण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याला घालवण्याचेही स्वातंत्र्य क्लबाला असते. क्लॅरिजची कारकीर्द नेमक्या याच काळात पसरली आहे, आणि म्हणूनच ती एका व्यक्तीची हकिकत असूनही एका संपूर्ण वर्गाची कैफियत म्हणून वाचता येते.

१० एप्रिल १९६६ रोजी पोर्टस्मथ येथे जन्मलेला हा मुलगा प्रथम फेअरहॅम टाउन या लीगबाहेरील क्लबातून खेळला, तेथून बोर्नमथला गेला, तेथून पुन्हा लीगबाहेर वेमथ येथे आला आणि तीन वर्षे तेथेच राहिला. १९८८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने त्याला घेतले. एकही सामना न खेळवता काही दिवसांतच त्याची रवानगी ऑल्डरशॉट येथे झाली. हा क्लब लष्करी छावणीच्या गावातला, मैदान नगरपालिकेच्या मालकीचे आणि तिजोरी कायमची रिकामी. क्लॅरिज तेथून बाहेर पडल्याला सहा महिनेही झाले नव्हते तोच, १९९० च्या जुलैअखेर, न्यायालयाने क्लब दिवाळखोरीत काढण्याचा हुकूम दिला. एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने पैसे भरण्याची हमी घेतल्यामुळे तो हुकूम फिरला, आणि पुढे १९९२ च्या मार्चमध्ये, हंगाम चालू असतानाच, क्लब अखेर बंद पडून त्याचे त्या वर्षीचे सारे सामने कागदावरून रद्द करण्यात आले. १९६२ मध्ये ॲक्रिंग्टन स्टॅन्ली बुडाल्यापासून असा प्रसंग लीगमध्ये घडला नव्हता. आमच्याकडे मुंबईत कूपरेजवर खेळणारा खेळाडू बहुधा कोणत्या तरी गिरणीचा, बँकेचा अथवा रेल्वेचा नोकर असे. गुडघा दुखावला तरी हजेरीपट आणि प्रॉव्हिडंट फंड शाबूत राहात. ऑल्डरशॉटच्या खेळाडूला असा आधार नव्हता. त्याचा गुडघा हीच त्याची नोकरी होती.

फेब्रुवारी १९९० मध्ये तो केंब्रिज युनायटेडमध्ये आला, आणि येथे त्याची गाठ जॉन बेक या व्यवस्थापकाशी पडली. विद्यापीठाच्या त्या सुसंस्कृत नगरीत बेकने फुटबॉलची जी पद्धत चालवली, तीत संस्काराचा लवलेश नव्हता. चेंडू मधल्या फळीतून खेळवत नेण्यास बंदी. तो मागून उंच मारावा, प्रतिपक्षाच्या कोपऱ्यात पडावा, आणि आघाडीच्या दोघांनी त्यामागे ऊर फुटेस्तोवर धावावे. चेंडू कोपऱ्यात थबकून राहावा म्हणून तेथील गवत मुद्दाम वाढू दिले जाई. सामन्यापूर्वी आपल्याच खेळाडूंच्या अंगावर थंडगार पाण्याच्या बादल्या ओतल्या जात. पाहुण्यांच्या खोलीतील उष्णता वाढवून ठेवणे, त्यांच्या चहात बेसुमार साखर घालणे, सरावासाठी त्यांना भिजून जड झालेले चेंडू देणे, अशाही गोष्टी त्या काळाच्या सांगितल्या जातात आणि त्यांतील कोणतीही अविश्वसनीय वाटत नाही. रसिकांना हे सारे किळसवाणे वाटले. आणि तरीही केंब्रिजने १९९० मध्ये बढती मिळवली, १९९१ मध्ये तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद घेतले, दोन्ही वर्षी एफ. ए. कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली, आणि १९९२ च्या वसंतात तर नव्याने निघणाऱ्या प्रीमियर लीगचे दारही ठोठावले. तेथे लेस्टरने त्यांचा धुव्वा उडवला, ही गोष्ट निराळी.

क्लॅरिज स्वभावाने या यंत्राचा सुटा भाग नव्हता. चेंडू पायाशी घेऊन आत वळावे, एखाद्या बचावपटूला हुलकावणी द्यावी, ही त्याची खोड. एकदा कोपऱ्याकडे जाण्याची आज्ञा मोडून तो असाच आत वळला तेव्हा बेकने त्याला तडकाफडकी मैदानाबाहेर बोलावले आणि पोशाखगृहात दोघे हातघाईवर आले. व्यवस्थापकाशी मारामारी केल्यावर दुसऱ्या कोणत्याही नोकरीत जे घडले असते तेच येथेही घडले: १९९२ च्या उन्हाळ्यात त्याची ल्यूटनला विक्री झाली. मौज अशी की, काही महिन्यांतच बेक बडतर्फ झाला आणि केंब्रिजने हाच खेळाडू पहिल्यापेक्षा अधिक किंमत मोजून परत आणला. म्हणजे क्लबाची त्याच्याविषयीची निष्ठा व्यवस्थापकाच्या नेमणुकीइतकीच टिकाऊ होती. आणि तरीही निष्ठेचा हिशेब मात्र आपण खेळाडूकडून मागतो!

जानेवारी १९९४ मध्ये तो बर्मिंगहॅम सिटीत गेला. तेथील व्यवस्थापक बॅरी फ्राय खेळाडूंची खरेदी अशा हौसेने करी की, १९९५-९६ च्या एका हंगामात त्याने चाळीसहून अधिक जणांना संघातून खेळवले. त्या कोलाहलात क्लॅरिजने गोल मात्र भरपूर केले, आणि तिसऱ्या श्रेणीतून क्लबाला वर आणण्यात त्याचा वाटा मोठा होता.

मग लेस्टर. सामान्य क्रीडारसिकाला क्लॅरिज ठाऊक असतो तो येथील दोन गोलांमुळे, आणि हे दोन गोल मी थोडक्यातच सांगणार आहे, कारण त्यांनी बाकीच्या वीस वर्षांवर पडदा टाकला आहे. २७ मे १९९६ रोजी वेम्ब्लीवर, प्रीमियर लीगमध्ये कोणी जावे याचा निकाल लावणाऱ्या सामन्यात, जादा वेळही संपत आला असता दोन्ही बाजू एकेक गोलावर अडल्या होत्या. पेनल्टीचा प्रसंग येणार हे धरून लेस्टरचा व्यवस्थापक मार्टिन ओनील याने उंचापुरा गोलरक्षक कालाच याला खास त्याचसाठी मैदानात उतरवलेही होते. इतक्यात एकशेविसाव्या मिनिटाला क्लॅरिजने दुरून चेंडू टोलवला, तो पायाच्या नेमक्या भागाऐवजी नडगीला लागला, आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन जाळ्यात विसावला. प्रतिस्पर्धी कोण? ज्यांनी आठ वर्षांपूर्वी त्याला एकही सामना न देता वाटेस लावले होते, तेच क्रिस्टल पॅलेस. पुढल्या वर्षी १६ एप्रिल १९९७ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लीग कपच्या पुनर्लढतीत मिडल्सबरोविरुद्ध शंभराव्या मिनिटाला त्यानेच एकमेव गोल करून तो चषक लेस्टरला मिळवून दिला. ज्यूनिन्यो आणि रावानेल्ली या खेळाडूंसाठी लक्षावधी पौंड ओतणाऱ्या क्लबाला, खालच्या श्रेणींच्या चिखलात वाढलेल्या माणसाने हरवावे, यात काव्यगत न्याय अवश्य आहे. परंतु त्याच चषकविजेत्याला जानेवारी १९९८ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांत, उसनवारीवर पोर्टस्मथला धाडण्यात आले, हा व्यवहारातला न्याय मला अधिक शिकवणारा वाटतो.

त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही, कारण ते त्याने स्वतःच झाकले नाहीत. पत्रकार इयन रिडली याच्या साहाय्याने १९९७ साली लिहिलेल्या आत्मकथनात घोड्यांच्या शर्यतींवर आपण किती पैसा उडवला, हे त्याने मोकळेपणी सांगून टाकले आहे. दर वर्षी ज्याचे पोट मे महिन्यातील एका यादीवर अवलंबून असते, त्याला जुगाराचे आकर्षण वाटावे हे नवल नव्हे. समर्थनीय मात्र खचितच नव्हे.

ही यादी म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. हंगाम संपताच प्रत्येक क्लब कोणाला ठेवले आणि कोणाला सोडले याची नावे प्रसिद्ध करतो. सोडलेल्यांत नाव आले की, उन्हाळ्याचे दोन-तीन महिने दूरध्वनीजवळ बसून काढावयाचे, जुलैत कोठे तरी परीक्षार्थी म्हणून हजर व्हावयाचे, आणि आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलांबरोबर मैदानाला फेऱ्या मारून अजून दम शाबूत असल्याचे दाखवावयाचे. २००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल ही दूरचित्रवाणी कंपनी बुडाली, ३१५ दशलक्ष पौंडांच्या प्रक्षेपण-कराराचे बहुतांश पैसे येण्याचे थांबले, आणि त्या पैशांवर आधीच पगार ठरवून बसलेल्या खालच्या क्लबांवर कर्जाचा डोंगर कोसळला. तेव्हापासून या याद्या लांबल्या आणि करार आखूड झाले. वर्षाचा करार मिळाला तर भाग्य, नाही तर महिन्याचा.

क्लॅरिजचा उत्तरार्ध या आखूड करारांचा आहे. पोर्टस्मथ या जन्मगावीच ऑक्टोबर २००० मध्ये त्याला खेळाडू-व्यवस्थापक करण्यात आले नि फेब्रुवारीत काढण्यात आले. तेथून मिलवॉल, मग वेमथ, जेथे खेळत-शिकवत त्याने २००३-०४ मध्ये संघाला सदर्न लीगमध्ये दुसऱ्या स्थानावर नेले, मग ब्रायटन, ब्रेंटफर्ड, विकम. २००५ च्या जूनमध्ये मिलवॉलने त्याला व्यवस्थापक नेमले, आणि हंगामाचा एकही सामना होण्यापूर्वी, छत्तिसाव्या दिवशी, मालकी बदलाच्या धामधुमीत बडतर्फ केले. दुसरा एखादा त्यानंतर घरी बसला असता. हा जिलिंगहॅमकडून खेळला, ब्रॅडफर्डकडून खेळला, वॉल्सॉलकडून खेळला. त्याला कोणी सक्ती केलेली नव्हती. वृत्तपत्रांत लिहून आणि नभोवाणीवर बोलून त्याची चांगली प्राप्ती होऊ लागली होती. मात्र प्रत्येक वेळी कोणत्या तरी अडचणीतील व्यवस्थापकाला, गोल होवोत न होवोत, नव्वद मिनिटे बचावपटूंचा पिच्छा पुरवणारा माणूस हवा असे, आणि तो माणूस कोठे सापडेल हे सर्वांना ठाऊक होते. जो इतक्या क्लबांना नकोसा झाला, तोच इतक्या क्लबांना हवासाही वाटला, ही त्या लांबलचक नामावळीची दुसरी बाजू आहे.

पुढे सॉलिसबरी या शहराचा जुना क्लब २०१४ मध्ये आर्थिक अनागोंदीमुळे आपल्या लीगमधून बाहेर फेकला गेला तेव्हा नवा क्लब उभारण्याचे काम क्लॅरिजने पत्करले. २०१५ मध्ये तो क्लब नवव्या श्रेणीत, वेसेक्स लीगमध्ये, प्रविष्ट झाला आणि पहिल्याच हंगामात विजेता ठरला. वरच्या श्रेणीसाठी कोणाला ठेवावे आणि कोणाला सोडावे, ही मे महिन्यातील यादी करण्याची पाळी त्या वर्षी त्याची होती.