विश्लेषण : जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरची ‘घूंऽऽ’ कुठून येते?

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे या पट्ट्यात नोकरीसाठी आलेल्या अनेकांनी पगारातून पैसे साठवून रेडिओ घेतला. असे व्हॉल्व्हचे रेडिओ, ग्रामोफोनचे अँप्लिफायर निगडी-चिंचवडच्या माळ्यांवर आजही सापडतात. सुरू केले की गाण्याआधी ऐकू येते ती घुमणारी ‘घूंऽऽ’. मग संच भंगारात जातो, किंवा कुणी तरी तो घाईने उघडतो आणि झटका खातो. खरे तर हा दोष बहुतेकदा दुरुस्त होणारा असतो.

आवाज ५० हर्ट्झचा की १०० हर्ट्झचा?

घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू वापरत असेल तर त्यातून १०० हर्ट्झची लहर निघते. पेटीच्या भाषेत दोन्ही सूर पांढरी पाचच्या जवळचे, अंतर फक्त एका सप्तकाचे. त्यामुळे कान फसतो. वरच्या सप्तकातली घूं असेल तर संशय फिल्टर कंडेन्सरवर घ्यावा. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्यातले द्रव्य सुकते आणि लहर सपाट करण्याची त्याची ताकद जाते. खालची घूं हीटरच्या तारा, ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थिंगकडे बोट दाखवते. अर्धीच लहर वापरणाऱ्या साध्या संचात मात्र कंडेन्सर सुकला तरी ५० हर्ट्झच ऐकू येतो.

दोष कोणत्या टप्प्यात, हे कसे कळते?

आवाजाचे बटण शून्यावर आणा. घूं तशीच राहिली तर दोष बटणाच्या पुढे, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह किंवा पॉवर सप्लायमध्ये. गेली, तर तो अलीकडे : सुटलेली शील्ड, खराब इनपुट वायर, नाही तर पहिला व्हॉल्व्ह. फक्त स्टेशन लागल्यावरच घूं येत असेल तर मेन्सकडून रेडिओ लहरींत मिसळणारा हा वेगळा प्रकार आहे. तिथे रेक्टिफायरजवळचा छोटा कंडेन्सर तपासतात.

मोबाइल किंवा लॅपटॉप जोडून गाणी ऐकत असाल तर आधी चार्जर काढून पाहा. घूं थांबली तर दोष अँप्लिफायरचा नाहीच, अर्थिंगच्या दोन वाटांनी बनलेल्या वेढ्याचा आहे. अशा वेळी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो जीवघेणा आहे. मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणे हा योग्य उपाय.

एमआयडीसीचा काही संबंध?

भोसरी-चाकणलगत ऐकू येणारी करकर किंवा खरखर ही घूं नव्हे. वेल्डिंग आणि मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह यांच्यामुळे ती मीडियम वेव्हवर जास्त येते. या पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुटी गुरुवारी असते. त्या दिवशी खरखर कमी झाली, तर संच उघडण्याचे कारण नाही.

उघडायचाच असेल तर?

आत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात आणि स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री करूनच हात घालावा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ‘एसी-डीसी’ संचात तर चासीवरच फेज येऊ शकते. अशा संचाला मोबाइल जोडूच नये. त्यात हीटर एकामागोमाग जोडलेले असतात, एक व्हॉल्व्ह काढला की सगळे विझतात, म्हणून व्हॉल्व्ह काढून तपासण्याची युक्तीही चालत नाही.

जुने मेकॅनिक असा संच प्रथम सिरीज बल्बवर लावत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत राहिला तर आत शॉर्ट. कंडेन्सर बदलताना ‘मोठा तेवढा चांगला’ असे समजणेही महागात पडते : ईझेड८१ सारख्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे. त्याहून मोठा लावला की सुरू होताना व्हॉल्व्हवर ताण येतो. नवा कंडेन्सर पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधता येतो. जळालेला ट्रान्सफॉर्मर मात्र गुंडाळून घ्यावा लागतो, आणि ते करणारे हात आता मोजकेच उरले आहेत.