दिवसाची वीज

रात्रपाळीचा आठवडा असला की मामाच्या घरी जेवणे सातलाच उरकत. बॅटरी, काठी आणि खांद्यावर फावडे एवढे घेऊन मामा मळ्याकडे निघे. लाइट दहाला येणार असे वायरमनने सांगितलेले असे. ती कधी साडेअकराला येई, कधी आल्या आल्या जाई. उसाच्या सरीत पाणी निम्म्यावर आलेले असताना मोटर बंद पडली, की पुन्हा पहिल्यापासून दारे धरावी लागत. मामी तोवर उंबऱ्यात जागी. मोटर जळेल याची तिला एवढी काळजी नसे. पाचटात काय दडून बसले असेल, याची असे.

ही एका घराची गोष्ट नाही. शेतीपंपांच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनातून येणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, तेही पाळीपाळीने, हा महाराष्ट्रातला वर्षानुवर्षांचा शिरस्ता. सर्पदंश, विजेचा धक्का, अलीकडे बिबट्या, हे सारे त्या वेळापत्रकाला चिकटूनच आले. फेब्रुवारी २०२२मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणे धरून बसले, ते शेतीला दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून. त्या मागणीत कार्बन हा शब्द नव्हता, हवामानबदलही नव्हता. तरीही आपल्या राज्यात स्वच्छ ऊर्जेचे आजवरचे सर्वांत मोठे पाऊल पडले ते याच दुखण्यावर उपाय शोधताना, असे माझे ठाम मत आहे.

उपाय ऐकायला साधा आहे. पिकाला पाणी द्यायची वेळ आणि ऊन असायची वेळ एकच. गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे करण्याचे काम राज्यात आधीच बरेच झाले होते. मग शेतीच्या फीडरला वीज पुरवणाऱ्या सबस्टेशनजवळच दोन ते दहा मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट त्या फीडरवर सोडायची. शेतकऱ्याने काही विकत घ्यायचे नाही, मोटर बदलायची नाही. दूरवरच्या कोळशाच्या केंद्रातून तारांवर सांडत येणारी वीज लागत नाही, म्हणून ती गळतीही वाचते.

ही कल्पना सातत्याने मांडणाऱ्यांत पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेचा ऊर्जा गट ठळक आहे. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ कराराचे आकडे उलगडून दाखवले, तेव्हा महाराष्ट्राला वीजखरेदीचा करार वाचायची सवय लागली. गिरीश संत २०१२मध्ये अकाली गेले. पण आकडे सरकारच्या हातून घेऊन लोकांसमोर ठेवण्याची ती रीत टिकली. इचलकरंजीचे प्रताप होगाडे वीज ग्राहक संघटनेच्या वतीने वर्षानुवर्षे सांगत आले, की मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर गळती आणि चोरी लपवली जाते. सौर फीडरने तो हिशेबही उजेडात येऊ शकतो, कारण फीडरवर किती युनिट गेले ते मोजता येते. पर्यावरणाच्या चळवळीइतकेच महत्त्व मी या हिशेबतपासनीसांना देतो.

सरकारी पातळीवर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये आली. प्रयोगासाठी नगर जिल्ह्यातले राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधले कोळंबी ही गावे निवडली गेली. पहिली काही वर्षे चाल मंदच होती. जागा मिळेना आणि कंत्राटदार पुढे येईनात. २०२३मध्ये देवेंद्र फडणवीस ऊर्जामंत्री असताना योजनेची दुसरी आवृत्ती निघाली आणि जागेचा प्रश्न प्रथमच नीट हाताळला गेला. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प, तिला तीन वर्षे दरसाल पाच लाख. केंद्राच्या कुसुम योजनेत २०२०च्या अखेरीस फीडर सौर करण्याची तरतूद झाली होती, तिचाही हातभार लागला. मार्च २०२४पर्यंत नऊ हजार मेगावॉटहून अधिक प्रकल्पांची कामे दिली गेली. पुढे उद्दिष्ट सोळा हजारांवर गेले. या विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. एरवीचा पुरवठ्याचा खर्च याच्या दुपटीहून बराच जास्त आहे, असे महावितरणच सांगते.

या दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प सुरू झाला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात, धोंदलगावला. तीन मेगावॉटचा, २०२४च्या सप्टेंबरात. वैजापूर हा पाण्याला मोताद असलेला तालुका. तिथे दिवसा आठ तास खात्रीची लाइट मिळणे म्हणजे काय, हे मळ्यात रात्र काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

शेतीबाहेरचा आढावा थोडक्यात घेतो. २०२०च्या गांधी जयंतीला आदित्य ठाकरे पर्यावरणमंत्री असताना ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. पंचमहाभूतांच्या नावांनी गावे-शहरे गुण मिळवू लागली. मार्च २०२२मध्ये मुंबईने आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला, २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठेवून. आराखडा चांगला आहे, पण तो वाचणाऱ्यांपेक्षा त्यावर बोलणारेच जास्त. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. अशी गावे वाढायला हवीत.

खरी अडचण संध्याकाळी सुरू होते. सूर्य मावळतो आणि घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर लागतात. तेव्हा आजही भार पेलतो तो कोळसा. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. नागपूरजवळ कोराडीच्या खसाळा राखेच्या तलावाचा बांध जुलै २०२२मध्ये फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शेतांत, ओढ्यांत पसरले. विदर्भातल्या त्या गावांनी आपल्या सर्वांच्या दिव्यांची किंमत छातीत धूळ भरून मोजली आहे. तिथे अजूनही नवे कोळशाचे संच उभारायचे ठरते, हे मला पटत नाही.

दुपारची जादा सौर वीज साठवायची कशी, याचे एक उत्तर सह्याद्रीत आहे. भंडारदऱ्याजवळ घाटघरला २५० मेगावॉटचे केंद्र २००८पासून चालते. जादा विजेवर कोकणाच्या बाजूच्या खालच्या तलावातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. अशा आणखी बऱ्याच जागांवर आता कंपन्यांची नजर आहे. आणि इथे मला थांबावेसे वाटते.

कारण आपल्याकडे धूर न सोडणाऱ्या विजेचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५मध्ये सुरू झाले. पुढे मुळशीला धरण होणार म्हणून १९२१मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालेच. १९२७मध्ये भिऱ्याची वीज मुंबईला गेली. ती वीज स्वच्छच होती. पाण्याखाली गेलेली भातखाचरे मात्र ज्यांची होती, त्यांना त्या उजेडाचा वाटा मिळाला नाही.

आज सौर प्रकल्पांना गायराने दिली जात आहेत. कागदावर ती सरकारी पडीक जमीन. प्रत्यक्षात तिथे धनगराच्या मेंढ्या चरतात, भूमिहीन बाई सरपण वेचते, कुणी दोन पिढ्यांपासून वावर कसत असतो. ठिकठिकाणी विरोध उभा राहतो तो याच कारणाने, आणि त्याला विकासविरोधी म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. खासगी शेताला हेक्टरी सव्वा लाख देणारी योजना गायरानावर जगणाऱ्याला काय देते, हा प्रश्न धोरणात ठसठशीत लिहिला गेलाच पाहिजे. जी गोष्ट दिवसा वीज मागणाऱ्याचे ऐकून उभी राहिली, तिने मेंढपाळाचेही ऐकावे.

वाचकहो, तुमच्या गावात सौर प्रकल्पाचा विषय येईल तेव्हा ग्रामसभेला जा आणि जमिनीचा गट नंबर विचारा. वीजदराची जाहीर सूचना वर्तमानपत्रात छापून येते. वीज नियामक आयोगापुढे हरकत मांडायला वकील लागत नाही, साध्या मराठीत लिहिलेला कागद चालतो. तो कागद लिहा आणि सुनावणीच्या दिवशी हजर राहा.