यादी पुसली म्हणजे नेमके काय पुसले?

मोबाइल वापरणाऱ्या बऱ्याच मंडळींना एक सवय असते. पडद्याच्या तळाशी असलेले चौकोनी चिन्ह दाबायचे, किंवा नव्या फोनवर बोट तळापासून वर ओढून क्षणभर थांबायचे, की अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपांची चित्रे पत्त्यांसारखी एकामागे एक मांडलेली दिसतात. मग ती एकेक करून वर भिरकावून द्यायची. काहीजण दिवसातून वीसवीस वेळा हे करतात. फोन खिशात टाकण्यापूर्वी यादी स्वच्छ झालीच पाहिजे!

"का पुसता?" असे विचारलेत तर तीन उत्तरे मिळतील. बॅटरी वाचते, फोन हलका होऊन जलद चालतो, आणि आपण काय उघडले होते ते दुसऱ्याला कळत नाही. तिन्ही उत्तरे वरवर पटण्यासारखी आहेत. पण मित्रहो, पटणे आणि तपासणे यांत फरक आहे. आपण तपासूनच पाहू.

सुरुवातीला एक सोपा प्रयोग करा. चारपाच अ‍ॅप उघडा आणि यादी न पुसता फोन पूर्ण बंद करा. मिनिटभराने पुन्हा चालू करून यादी पाहा. बऱ्याच फोनांवर ती जशीच्या तशी दिसेल. आता विचार करा. फोन बंद झाला तेव्हा त्यात चालू असलेली प्रत्येक आज्ञावली थांबली. तरीही यादी आहे! म्हणजे ही यादी 'चालू असलेल्या' अ‍ॅपांची नव्हेच. ती 'उघडलेल्या' अ‍ॅपांची रोजनिशी आहे, आणि ते पत्ते म्हणजे शेवटच्या क्षणी टिपलेली छायाचित्रे. छायाचित्रातला माणूस या क्षणी घरात आहे की गावाला गेला आहे, हे छायाचित्र पाहून कसे कळणार?

गळक्या बादल्यांची स्मृती

फोनमध्ये स्मृती दोन प्रकारची असते. एक कायमची. तीत तुमची छायाचित्रे, गाणी, अ‍ॅप हे सगळे साठवलेले असते आणि वीज गेली तरी ते टिकते. दुसरी कामचलाऊ, जिला रॅम म्हणतात. आईच्या स्वयंपाकघरात डबे फळीवर असतात, पण पोळ्या करताना पोळपाट, लाटणे, कणीक आणि तुपाची वाटी ओट्यावर काढून ठेवावी लागते. तसेच अ‍ॅप उघडले की ते कायमच्या स्मृतीतून रॅममध्ये आणले जाते.

या रॅमची रचना मोठी मनोरंजक आहे. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड या संशोधकाला १९६६ साली ती सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा धारित्र, एवढेच एका बिटाचे घर. धारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. १९७० साली बाजारात आलेल्या इंटेलच्या ११०३ या चिपमध्ये बिटांची १,०२४ घरे होती. आजच्या ८ गिगाबाइट रॅमच्या फोनात ती सुमारे ६९ अब्ज असतात.

पण हे धारित्र गळक्या बादल्यांसारखे असतात. त्यांत साठलेला भार झिरपून जातो. म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावे लागते. सेकंदाला पंधरासोळा वेळा, दिवसरात्र! आता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ही उजळणी करणाऱ्या यंत्रणेला घरात काय आहे याच्याशी काही कर्तव्य नसते. तुम्ही अ‍ॅप हाकलून दिलेत तरी त्याची जागा सर्वसाधारणपणे उजळणीतून सुटत नाही. तेव्हा रॅम भरलेली असो की मोकळी असो, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच. 'रॅम रिकामी केली की बॅटरी वाचते' हे म्हणणे येथेच लंगडे पडते.

बरे, मागे ढकललेले अ‍ॅप रॅममध्ये बसून गुपचूप काम करीत असेल तर? काही अ‍ॅप करतात. गाणे वाजवणारे, रस्ता दाखवणारे, काही उतरवून घेणारे. ती खरोखर वीज खातात, आणि नको असतील तर ती बंद करणे योग्यच. अडकून पडलेले अ‍ॅपही बंद करावे. पण बाकीच्यांना फोनची कार्यप्रणाली थोड्याच वेळात निद्रिस्त करते. त्यांचा मजकूर रॅममध्ये राहतो, प्रक्रियकाचा वेळ मात्र त्यांना मिळत नाही. ओट्यावर ठेवलेले लाटणे गॅस जाळत नाही, तसेच हे.

जागा कोणाची काढून घ्यायची?

तरी ओटा कधीतरी भरणारच. नवे अ‍ॅप आले आणि जागा नसली तर कोणाला उठवायचे? हा प्रश्न मोबाइलहून कितीतरी जुना आहे. मँचेस्टर येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅटलस संगणकावर काम करणाऱ्यांनाही तो सोडवावा लागला होता. आयबीएममधील लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली दाखवले, की यापुढे सर्वांत उशिरा लागणार असेल त्याला उठवणे, हा सर्वोत्तम मार्ग. अडचण एवढीच, की त्यासाठी भविष्य कळावे लागते! म्हणून संगणक भूतकाळाकडे पाहतात. जे बराच काळ लागले नाही ते लवकर लागणारही नाही, असे धरून चालायचे. तुमचा फोन हेच करतो. जागा कमी पडू लागली की फारसे महत्त्वाचे नसलेले, बराच वेळ न वापरलेले अ‍ॅप तो आपणहून काढून टाकतो. यादीतला पत्ता मात्र तसाच राहतो.

मग हाताने पुसण्याची सवय आली कोठून? माझ्या मते ती पूर्वी खरोखरच उपयोगी होती. २००० साली पॉकेट पीसी नावाचे तळहातावर मावणारे संगणक आले. त्यांत १६ किंवा ३२ मेगाबाइट रॅम असे, आणि कोपऱ्यातली फुली दाबली तरी कार्यक्रम बंद न होता नुसता मागे जाई. तेवढ्याशा जागेत कार्यक्रम साचत आणि यंत्र रखडे. त्या काळी झाडलोट हे शहाणपण होते. पुढे यंत्रे बदलली, सवय राहिली. मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपल कंपनीला विचारले होते, की तुमचे प्रमुख वारंवार अ‍ॅप बंद करतात का आणि बॅटरीसाठी ते आवश्यक आहे का. कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडेरिघी यांनी दोन्ही प्रश्नांना नकारार्थी उत्तर दिले.

पुसण्याची किंमत

येथे पदार्थविज्ञानाच्या माणसाला एक आडवाट घेतल्यावाचून राहवत नाही. माहिती पुसायला ऊर्जा लागते का? १९६१ साली रॉल्फ लँडॉर यांनी (हेही आयबीएमचेच!) दाखवले, की एक बिट पुसताना निदान काही उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. नेहमीच्या तापमानाला ती सुमारे ३ × १०⁻²¹ ज्यूल भरते. २०१२ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथे सिलिकाचा एक सूक्ष्म मणी लेसरच्या पकडीत धरून हे प्रयोगाने पडताळण्यात आले.

या हिशेबाने एक गिगाबाइट पुसायला कमीत कमी २.५ × १०⁻¹¹ ज्यूल लागतील. सुमारे २ मिलिग्रॅमचा मोहरीचा दाणा एक मायक्रोमीटर वर उचलायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. उलट ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या, ३.८५ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे ६९,००० ज्यूल असतात. खऱ्या चिपा या किमान मर्यादेपेक्षा पुष्कळच जास्त ऊर्जा खर्च करतात हे खरे, पण आपल्या यादीच्या बाबतीत खर्च पुसण्यात नाहीच. तो पुन्हा आणण्यात आहे. हाकललेले अ‍ॅप परत उघडले की ते फळीवरून काढा, रॅममध्ये मांडा, पुन्हा इंटरनेटवरून माहिती मागवा, पडदा नव्याने रंगवा, हा सारा उद्योग प्रक्रियकाला मुळापासून करावा लागतो.

आता तिसरे उत्तर, गुप्ततेचे. ते सर्वांत नाजूक आहे. कितीतरी घरांत एकच फोन दोघातिघांच्या हाती असतो. यादी पुसल्याने पत्ता नाहीसा होतो, पण अ‍ॅपने स्वतः ठेवलेल्या नोंदी, न्याहाळकातला पानांचा इतिहास आणि तुमच्या खात्यावर कंपनीकडे गेलेली माहिती हे सगळे जागेवरच असते. सेटिंगमध्ये जाऊन पाहा. २०१८ पासून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर कोणते अ‍ॅप किती मिनिटे वापरले याचा तक्ता मिळू लागला. यादी पुसा आणि तक्ता उघडा. मिनिटे तेथे तशीच असतील. म्हणून फोन विकताना किंवा कोणाला देताना तो मूळ स्थितीला नेण्याची सोय वापरावी. आजच्या फोनांत मजकूर कूटरूपात ठेवलेला असतो आणि त्या सोयीने त्याची किल्लीच नष्ट होते. मग उरलेला मजकूर कोणालाही उलगडत नाही. बँकांच्या कित्येक अ‍ॅपांचा पत्ता यादीत कोरा दिसतो, हे तुमच्या लक्षात आले आहे का? आपले छायाचित्र टिपू नये असे ते अ‍ॅपच फोनला सांगते.

आणखी एक गोष्ट घरात जरूर तपासा. काही कंपन्यांच्या फोनांवर पत्ता भिरकावला की त्या अ‍ॅपची पाठीमागची कामेही थांबतात. आजोबांना औषधाची आठवण करून देणारे अ‍ॅप असेल, आणि नातवाने 'फोन साफ करून देतो' म्हणून सगळे पुसले असेल, तर रात्री आठची घंटा वाजेलच असे सांगता येत नाही. पाच मिनिटांनंतरची घंटा लावा, यादी पुसा आणि वाट पाहा. वाजली नाही तर सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचे बॅटरी-बचतीचे बंधन काढा आणि पुन्हा पाहा. तरीही वाजली नाही, तर त्या फोनवर ते अ‍ॅप यादीतून पुसायचे नाही, असे आजोबांना आणि नातवालाही सांगून ठेवा.

वेगाचा प्रयोग तुमच्यासाठी. नकाशाचे अ‍ॅप घ्या. ते उघडून मागे ढकला आणि लगेच पुन्हा उघडा. पडदा पूर्ण दिसेपर्यंतचा वेळ दुसऱ्या फोनवरच्या स्टॉपवॉचने मोजा. मग यादीतून पुसून उघडा आणि वेळ मोजा. दोन्ही प्रकारे दहादहा वेळा मोजून सरासरी काढा. बटण दाबण्यात तुमच्या हाताची चूक सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतकी सहज होते, म्हणून एकदोन मापांवर विसंबू नका. जमल्यास शेजारच्या एखाद्या जुन्या, कमी रॅमच्या फोनवरही हाच प्रयोग करा आणि दोन्ही फोनांचे आकडे एकाच तक्त्यात मांडा.