कुंचला थबकतो तेव्हां

घरांत कोणी चित्रें काढणारें असलें, म्हणजे एक प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. महिना महिना कुंचला भिजत नाहीं. अर्धें झालेलें चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलें जातें. विचारलें, तर "मला येत नाहीं, कधीं येतही नव्हतें," एवढेंच उत्तर मिळतें. अशा वेळीं वडील मंडळी एक तर आळसाचा ठपका ठेवतात, नाहीं तर भरमसाट स्तुति करतात. स्तुतीनें साशंक मन अधिकच बिथरतें. कारण चित्रांतली जी उणीव त्याला छळीत असते, ती आपणांस दिसलीच नाहीं एवढेंच त्यांतून सिद्ध होतें.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याच्यापाशीं कीर्ति होती, पैसा होता, जिव्हेर्नी गांवीं स्वतःची बाग नि कमळांचें तळें होतें. तरीही १९०८ सालीं, ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर, त्यानें आपलीं कित्येक चित्रें नष्ट केलीं. प्रदर्शन लांबलें. १९०९ च्या मे महिन्यांत तें पॅरिसला भरलें, तेव्हां त्यांत जलकमळांचीं ४८ चित्रें होतीं. ज्या शंकेनें पहिलीं फाडलीं, तिच्याच चाळणींतून हीं उतरलीं होतीं. शंका ही निव्वळ रोग नव्हे. चित्रकाराची पारखही तीच.

खरी कसोटी पुढें आली. १९११ सालीं पत्नी आलीस वारली. १९१२ सालीं डोळ्यांत मोतीबिंदु असल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें. १९१४ च्या फेब्रुवारींत थोरला मुलगा झाँ गेला. या काळांत कुंचला जवळजवळ बाजूसच पडला होता. मग तळघरांत राहिलेले कांहीं जुने प्रयत्न त्याच्या दृष्टीस पडले आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं त्यानें कमळांचीं प्रचंड चित्रें आरंभिलीं. मित्र क्लेमांसो यानें त्याचा पिच्छा सोडला नाहीं. १९२३ सालीं शस्त्रक्रिया झाली, तरी रंग नीट दिसेनात; पण काम चालूच राहिलें. १९२७ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, तीं चित्रें पॅरिसच्या ऑरांझेरी येथें दोन लंबगोल दालनांत लोकांस खुलीं झालीं.

म्हणून थबकलेल्या माणसाचे जुने कागद रद्दींत घालूं नयेत, त्याचा कोपरा दुसऱ्या कामास घेऊं नये, आणि "झालें का?" असें रोज विचारूं नये.

मोनेचें घरही आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखेंच होतें; त्याचे दोन मुलगे नि आलीसचीं सहा मुलें एकाच छपराखालीं वाढलीं. आलीसची मुलगी ब्लांश हीच पुढें झाँची पत्नी झाली. वैधव्य आल्यावर तिनें जिव्हेर्नीचें घर सांभाळलें. ती स्वतः चांगली चित्रकर्त्री. लहानपणापासून मोनेच्या शेजारीं बसून रंगविणारी. परंतु त्या बारा वर्षांत तिच्या हातून फारच थोडीं चित्रें झालीं. तिचें थांबणें शंकेचें नव्हतें, सवडीचें होतें. आपल्या सुनांच्या रंगपेट्या माळ्यावर कां गेल्या, हें पाहतांना हा भेद ध्यानीं असावा. मोने १९२६ च्या डिसेंबरांत वारला. त्यानंतर ब्लांश पुन्हां चित्रें काढूं लागली, तेव्हां ती एकसष्ट वर्षांची होती.