खाडीचा राखणदार

लेखणीने माणूस किती पापे करतो याचा हिशेब ठेवण्याची पद्धत नाही, हे माझे भाग्यच. नाही तर २००३ सालचा एक अर्ज माझ्या खाती ठळकपणे मांडला गेला असता.

आमची वसाहत ठाण्याच्या खाडीलगतची. मी नुकताच एम.ए. झालो होतो, आणि मराठीत एम.ए. झालेल्या मुलाचा शेजाऱ्यांना उपयोग एकच, अर्ज लिहिणे. ‘वसाहतीमागील चिखल व निरुपयोगी झुडपे यांमुळे डासांचा उपद्रव होत असून, तेथे भराव घालून मुलांसाठी मैदान करावे,’ असे मी झोकात लिहिले. सह्या भराभर झाल्या. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या कोळीणमावशी तेवढ्या म्हणाल्या, “झुडपं कसली रे दादा? तिवरं ती. खाडीचे राखणदार. त्यांना हात लावू नका.” आम्ही हसलो आणि बोंबलांचा भाव केला.

अर्जाला उत्तर आले नाही. राडारोड्याचे ट्रक मात्र रात्री-अपरात्री येऊ लागले. कोणाचे, हे कोणीच विचारले नाही.

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातच समुद्राला भरती. आमच्या तळमजल्यात छातीएवढे पाणी चढले. सारा दोष त्या भरावाचा, असे मी म्हणणार नाही. एवढा पाऊस कोणत्याही शहराला जडच गेला असता. पण पाणी ज्या बाजूने पसरायचे, तिथेच आमचे ‘मैदान’ उभे होते!

त्यानंतर मी तिवरांची ओळख करून घेतली. तिवर खारे पाणी पिते आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. चिखलातून वर डोकावणारी त्याची मुळे श्वास घेतात. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते. लेक माहेरीच चालायला शिकून मग सासरी जावी तसे! या मुळांच्या जाळ्यात लाटेचा जोर मोडतो, गाळ अडतो, आणि कोलंबी-चिंबोऱ्यांची पिल्ले वाढतात. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आले. केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे तिवरांचा पट्टा रुंद होता, तेथे माणसे कमी दगावली, असे पुढे अभ्यासकांना आढळले.

आता समुद्राची पातळी वाढते आहे, पाऊसही एकदम कोसळू लागला आहे. म्हणून हा राखणदार अधिकच हवा. तो गटारांची सफाई करणार नाही, हे खरे. शिवाय त्यालाही जागा लागते : समुद्र वर सरकला की तिवरे जमिनीकडे सरकू पाहतात; मागे आपली भिंत असली की मध्येच चेंगरतात.

सरकारदरबारी त्याची दखल घेतली गेली आहे. २००५ सालीच मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवली आणि भोवतालच्या ५० मीटरांत बांधकामाला मनाई केली. २०१२ साली राज्याने त्यांच्यासाठी कांदळवन कक्ष काढला. २०२० साली पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. पण कायदा कचेरीत राहतो, ट्रक रात्री येतो. त्या वेळी खिडकीतून पाहणारे डोळे आपलेच असतात.

यंदा आमच्या सेक्रेटरींनी मला पुन्हा गाठले. “सर, मागे गाड्यांसाठी जागा करून घ्यावी म्हणतो. अर्ज तुम्हीच लिहा, तुमचं मराठी चांगलं आहे.”

मी अर्ज लिहिला. ‘वसाहतीमागील राडारोडा उचलून भरतीच्या पाण्याला वाट करून द्यावी, तिवरे आपली आपण येतील.’ वाट मोकळी झाली की भरतीबरोबर बी येते, हे आता मला ठाऊक होते.

पहिल्या अर्जावर सह्या भराभर झाल्या होत्या. या अर्जावर आजवर तीन आहेत : माझी, सौभाग्यवतींची आणि त्या मावशींची. मावशींनी अंगठा उठवला, आणि यंदा बोंबलांचा भाव मी केला नाही.