कच्चे चित्रण की सूक्ष्म चित्र?

सुरत जिल्ह्यातील बारडोली हे तालुक्याचे ठिकाण महाराष्ट्रातील लोकांना दोन कारणांनी परिचित आहे. पहिले कारण इतिहासाचे. वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध १९२८ साली वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी जो सत्याग्रह केला, त्यानंतरच वल्लभभाईंना लोक 'सरदार' म्हणू लागले. दुसरे कारण पोटाचे. उधना-जळगाव लोहमार्गावरील या भागात सहकारी साखर कारखाने आहेत, आणि गळिताचा हंगाम आला म्हणजे धुळे-नंदुरबारकडील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन मुलाबाळांसह तेथे जाऊन राहतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली बारडोलीच्या ऊसतोडीवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही खानदेशातून आलेल्या या मजुरांची हकीकत आहे.

या दोन्ही गोष्टींचे चित्रण करून ठेवावे असे एखाद्या महाविद्यालयातील किंवा ग्रंथालयातील उत्साही मंडळींच्या मनात आले, तर ते आज अवघड राहिलेले नाही. कॅमेरा हाताशी असतो, प्रवासही फार लांबचा नाही. परंतु कॅमेरा हाती घेताच एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर दुकानदाराच्या तोंडून घेण्यापेक्षा स्वतः विचार करून ठरविणे बरे. चित्रातील बिंदूंची संख्या, म्हणजे ज्याला रिझोल्यूशन म्हणतात ती, वाढवावी. की बिंदू थोडे असले तरी चालतील पण चित्रण 'रॉ', म्हणजे कच्च्या स्वरूपात, नोंदवावे?

प्रथम बिंदूंचा हिशेब पाहू. डिजिटल चित्र हे लहान लहान चौकोनी बिंदूंचे बनलेले असते. एचडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू असतात. म्हणजे एकूण सुमारे पावणेएकवीस लाख. घरच्या पडद्यासाठी जे फोर-के म्हटले जाते त्यात ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे जवळजवळ त्र्याऐंशी लाख. बिंदू चौपट झाले म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक बारीक तपशील मावतो. हे माप मोजायला सोपे आणि जाहिरातीत छापायलाही सोयीचे असते. म्हणून ग्राहकाच्या कानावर तेच प्रथम पडते.

कच्च्या चित्रणाचे माप इतके सहज दिसत नाही. भिंगातून आलेला प्रकाश कॅमेऱ्यातील ज्या फलकावर पडतो त्याला सेन्सर म्हणतात. या फलकाच्या प्रत्येक बिंदूला केवळ उजेड किती एवढेच कळते. रंग कळत नाही. म्हणून त्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची बारीक जाळी बसवितात. दर चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा, ही रचना कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची असून तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. फलकाकडून आलेल्या आकड्यांवर साधा कॅमेरा तत्काळ काम करतो. शेजारच्या बिंदूंवरून रंगांचा अंदाज बांधतो, ऊन की दिव्याचा उजेड हे ठरवितो, काळोख आणि लख्ख भाग यांचा मेळ घालतो, आणि शेवटी आकडे दाबून लहान फाइल करतो. हे सारे करताना जे त्याला अनावश्यक वाटते ते तो टाकून देतो. कच्च्या चित्रणात हा निवाडा होत नाही. फलकाने जे टिपले ते जवळजवळ तसेच जपून ठेवले जाते, आणि निवाडा पुढे संगणकावर माणूस करतो.

आपल्याकडील जुन्या व्यापाऱ्याला हा भेद सांगण्याची गरज पडली नसती. कच्ची कीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी. खतावणी वाचायला सोयीची, परंतु तिच्यात चूक झाली तर कीर्द उघडावी लागते. कच्चे चित्रण ही कीर्द होय. चित्रपटाच्या धंद्यातही हा भेद जुना आहे. प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' हा बोलपट रंगीत करण्याचा प्रयत्न केला. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करविल्या आणि त्या मनासारख्या उतरल्या नाहीत. चित्रण कोल्हापुरात झाले, पण रंग ठरले ते दूरच्या प्रयोगशाळेत. चित्रण आणि चित्राचा अंतिम रंग ही दोन वेगळी कामे आहेत हे त्यावरून लक्षात यावे. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात ती प्रयोगशाळा यंत्राच्या पोटातच असते आणि क्षणार्धात निकाल देऊन मोकळी होते.

निकाल कायमचा झाल्याने काय बिघडते? साधी फाइल बहुधा आठ बिटांची असते, म्हणजे एकेका रंगाच्या उजळ-काळ्या छटा २५६. बारा बिटांच्या कच्च्या नोंदीत त्याच छटा ४,०९६ होतात. चित्र जसे टिपले तसेच दाखवायचे असेल तर २५६ छटा पुरतात. परंतु काळवंडलेला चेहरा उजळ करायचा झाला, की थोड्याच छटांना ताण बसतो. मग त्वचेवर ठिगळे दिसतात आणि आकाशात पट्टे उमटतात.

हा वाद सामान्य माणसाच्या आटोक्यात आला तो २०१२ ते २०१४ या काळात. ब्लॅकमॅजिक कंपनीने २०१२ साली आणि पुन्हा २०१३ साली कच्चे चित्रण करणारे तुलनेने स्वस्त कॅमेरे काढले. त्यांतला २०१३ चा, खिशात मावेल असा, एचडीपुरताच होता. पुढच्याच वर्षी पॅनासॉनिकचा जीएच-४ आला. तो फोर-के चित्र टिपत असे, परंतु कार्डावर आठ बिटांचे, दाबलेले. तेव्हा एकच घ्यायचे तर कोणते, हा खराखुरा प्रश्न होता. मोठ्या चित्रपटांनी त्याचे उत्तर आपल्यापुरते दिलेच होते. २०१२ सालच्या 'स्कायफॉल'चे छायालेखन रॉजर डीकिन्स यांनी अॅरी अलेक्सा कॅमेऱ्याने कच्च्या स्वरूपात केले. त्या कॅमेऱ्याचे चित्र रुंदीला २,८८० बिंदूंचे, म्हणजे फोर-केहून पुष्कळच कमी. तरीही भव्य पडद्यावर ते कोणाला अपुरे वाटले नाही.

याचे एक कारण आपल्या डोळ्यातच आहे. निरोगी डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखता येते. तीन मीटरवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने हे अंतर सुमारे पाऊण ते एक मिलिमीटर भरते. त्रेचाळीस इंची दूरचित्रवाणीचा पडदा सुमारे पंचाण्णव सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर एचडीचा एक बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा होतो. म्हणजे बैठकीच्या खोलीत एचडीचाच बिंदू डोळ्याला वेगळा दिसत नाही. उलट आकाशातले पट्टे आणि चेहऱ्यावरचा मातकट रंग कितीही लांबून जाणवतो.

एवढ्यावरून कच्चे चित्रणच श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. बारडोलीतच चार प्रसंग कल्पून पाहा.

पहिला प्रसंग उसाच्या फडातला. दुपारचे ऊन, वर पांढरे आकाश, आणि उसाच्या सावलीत कोयता चालविणारी सावळी माणसे. साधा कॅमेरा आकाश सांभाळू गेला तर चेहरे काळेठिक्कर होतात. चेहरे सांभाळू गेला तर आकाश पांढरेफटक होते. ज्या माणसासाठी आपण तेथे गेलो त्याचाच चेहरा हरवावा, यासारखी हानी दुसरी नाही. येथे कच्चे चित्रण घ्यावे. बिंदू एचडीचेच असले तरी हरकत नाही. आकाश जळणार नाही इतपत उजेड आवरून टिपावे आणि चेहरे मागाहून वर आणावेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. प्रकाश इतका अधिक झाला की फलकच भरून गेला, तर तेथे कच्च्या नोंदीतही काही उरत नाही. आणि भिंगाचा फोकस चुकला तर तो कोणत्याही नोंदीतून दुरुस्त होत नाही.

दुसरा प्रसंग संध्याकाळचा. पालांपुढे चुली पेटल्या आहेत, आणि पलीकडून ट्रकच्या दिव्यांचा निळसर झोत येतो आहे. दोन रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडतात तेव्हा कोणता खरा मानावा हे यंत्राला ठरविता येत नाही. येथेही कच्ची नोंदच उपयोगी.

तिसरा प्रसंग कागदपत्रांचा. सत्याग्रहाच्या दिवसांत गावोगाव वाटली जाणारी 'सत्याग्रह पत्रिका' समोर ठेवून चित्रित करायची आहे. कागद हलत नाही, उजेड आपल्या हातात आहे, छटांची ओढाताण नाही. हवे आहे ते प्रत्येक अक्षर. येथे बिंदूच कामाला येतात. फोर-के घ्यावे आणि कच्च्याचा हट्ट सोडावा. फोर-के चित्र पुढे एचडीत लहान केले तर त्याचा आणखी एक लाभ होतो. दाबलेल्या फाइलींत रंगाची माहिती बहुधा चार बिंदूंमागे एकदाच ठेवलेली असते. चार बिंदूंचा एक केला की प्रत्येकाला स्वतःचा रंग मिळतो. शिवाय चौकट लहान करून हवा तो भाग मोठा करता येतो.

चौथा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा. बारडोलीच्या फडात तीस-चाळीस हंगाम काढलेली एखादी वृद्ध बाई अहिराणीत आपली हकीकत सांगते आहे आणि ती तीन तास सांगते आहे. येथे काय करावे? आधी हिशेब मांडू. बारा बिटांचे न दाबलेले कच्चे एचडी चित्रण, सेकंदाला पंचवीस चित्रे या वेगाने, तासाला सुमारे २८० गिगाबाइट जागा घेते. फोर-के कच्चे घेतले तर तोच आकडा १,१२० होतो. सेकंदाला शंभर मेगाबिट या प्रमाणात दाबलेले फोर-के मात्र तासाला ४५ गिगाबाइटांत बसते. तीन तासांच्या मुलाखतीच्या दोन प्रती ठेवायच्या, आणि दोन प्रतींवाचून नोंद सुरक्षित नसतेच, तर कच्च्या एचडीला १,६८० गिगाबाइट लागतील, दाबलेल्या फोर-केला २७०.

या आकड्यांचा परिणाम मंडळाच्या कपाटात दिसतो. डिस्क भरते, नवी घ्यायला पैसे नसतात, वीस मिनिटांचा माहितीपट तयार झालेला असतो. मग कोणी तरी म्हणतो की उरलेले पुसून टाकावे. उरलेले म्हणजे त्या बाईचे दोन तास चाळीस मिनिटे. तिने मुकादमाचा हिशेब कसा सांगितला, कोणत्या गावाहून किती जणी निघाल्या, फडात जन्मलेल्या मुलांचे काय झाले, हे सारे त्या उरलेल्यातच असण्याचा संभव अधिक. हंगाम पुन्हा येतो, ती बाई पुन्हा येईलच असे नाही. म्हणून साक्षीच्या चित्रणात दाबलेली, परंतु जपून ठेवता येईल अशी नोंद घ्यावी. तिला ओसरीच्या स्थिर सावलीत बसवावे, म्हणजे छटांची अडचण मुळातच टळते; आणि वाचलेले पैसे चांगल्या ध्वनिग्राहकावर खर्च करावेत, कारण येथे शब्दाची किंमत चित्राहून अधिक आहे.

बारडोलीचा इतिहासही हेच सुचवितो. सरकारने तेथील सारा २२ टक्क्यांनी वाढविला होता. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांची चौकशी नेमली गेली. त्यांनी गावोगाव जाऊन खंडाचे मूळ व्यवहार पुन्हा तपासले आणि १९२९ साली वाढ ६.०३ टक्के इतकीच योग्य ठरविली. पहिला निवाडा फिरला, कारण मुळाशी जाऊन पाहण्याजोगा पुरावा शिल्लक होता. चित्रणातही पुढच्या पिढीला आपला निवाडा तपासता यावा, यासाठी मूळ शिल्लक राहिले पाहिजे. कोठे ते छटांच्या रूपाने जपावे लागते, कोठे अक्षरांच्या, तर कोठे केवळ तासांच्या.

आता मधले मार्गही निघाले आहेत. दहा बिटांचे 'लॉग' चित्रण छटा पुष्कळ राखते आणि जागा कमी घेते. २०१८ सालापासून ब्लॅकमॅजिक आणि अॅपल यांच्या दाबलेल्या कच्च्या पद्धतीही वापरात आहेत. ब्लॅकमॅजिकच्या पद्धतीत मूळ आकाराच्या तिसऱ्यापासून बाराव्या हिश्श्यापर्यंत दाब निवडता येतो. त्यामुळे कच्चे आणि सूक्ष्म ही दोन्ही एकाच यंत्रात मिळू लागली आहेत. तथापि डिस्कची किंमत आणि संगणकावर बसणाऱ्या माणसाचे तास यांचा हिशेब त्यामुळे चुकत नाही.

तेव्हा चित्रणास निघण्यापूर्वी तीन प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे द्यावीत. उजेड आपल्या हातात आहे काय? पाहणाऱ्याला बारीक तपशील वाचायचा आहे काय? आणि जे टिपू ते दोन ठिकाणी, दहा वर्षे, सांभाळण्याची आपली ऐपत आहे काय? पहिल्याचे उत्तर नाही असेल तर थोडे का होईना, कच्चे चित्रण करावे. दुसऱ्याचे होय असेल तर बिंदू वाढवावेत. तिसऱ्याचे नाही असेल, तर पहिली दोन उत्तरे बाजूस ठेवून जेवढे जपता येईल तेवढेच रूप निवडावे. हंगामात बारडोलीकडे जाणाऱ्या मंडळींनी कॅमेऱ्याबरोबर एक जादा डिस्क घेतली, आणि ती कोणाच्या कपाटात राहणार हे आधीच ठरविले, तर निम्मे काम घरूनच झाले असे समजावे.