अंधारात उभी ट्रॉली

पैठणहून परतताना बिडकीन मागे पडलं होतं, चितेगाव यायचं होतं. जानेवारीतली संध्याकाळ, सातचा सुमार. उसाचा हंगाम भरात होता, त्यामुळे रस्त्यावर थोड्या थोड्या वेळाने दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर लागत होता. गाडी माझे यजमान चालवत होते आणि शेजारी अण्णा, माझे वडील. अण्णांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून गेली. दुसऱ्याच्या शेजारी बसले तरी त्यांचा उजवा पाय अजून ब्रेक शोधतो.

मागून एक पांढरी गाडी हॉर्न देत आली आणि आम्हाला ओलांडून पुढे निघाली. समोरून येणाऱ्या ट्रकने अप्पर लावलेला होता, डोळे दिपत होते. अण्णा म्हणाले, “जावईबापू, सावकाश घ्या. त्याला पुढचं दिसत नाहीये.” त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच पुढून आवाज आला. ब्रेकचा आवाज आधी आलाच नाही, थेट आदळल्याचा आला.

उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला, निम्मी डांबरावर, उभी होती. टायर पंक्चर झालेला, ट्रॅक्टर सोडून नेलेला. मागे दोन दगड आणि बाभळीची एक फांदी, एवढीच काय ती खूण. लाल दिवा नाही. रिफ्लेक्टर असलाच तर तो बाहेर लोंबणाऱ्या पाचटाखाली झाकलेला.

पांढऱ्या गाडीत तिघं होते. पुढे नवरा-बायको, दोघांनी बेल्ट लावलेले, एअरबॅग उघडलेल्या. ते खरचटून, मुका मार लागून बाहेर आले. मागच्या सीटवर नवऱ्याची आई होती, तिने बेल्ट लावलेला नव्हता. ती पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळली होती. मांडीचं हाड मोडलेलं, कपाळ फाटलेलं. सूनबाई तिला हाका मारत होत्या आणि ती “हो” म्हणत होती, पण तिचा आवाज आतल्या आत विरत होता. त्या आजी वाचल्या, मात्र आज काठीशिवाय त्यांना पाऊल टाकता येत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गतीची समीकरणं शिकवताना पूर्वी मी उंचावरून सोडलेल्या चेंडूची उदाहरणं द्यायचे. त्या संध्याकाळनंतर मी फळ्यावर रस्ता काढते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं अठरा पूर्ण होण्याआधीच दुचाकीवर कॉलेजला येतात. त्यांना हे गणित नुसतं पाठ होऊन उपयोगाचं नाही, अंगात भिनायला हवं. वाचकांनीही ते एकदा माझ्याबरोबर करून पाहावं.

धोका डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाऊन तो दाबला जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जात असते. ताशी 40 किलोमीटर वेग असेल तर ती 17 मीटर जाते, आणि मग ब्रेक लागून थांबायला आणखी 9 मीटर घेते. एकूण 26. हेच ताशी 60 ला पाहा. नुसतं भानावर येईपर्यंत 25 मीटर संपतात, वर ब्रेकचे 20, म्हणजे एकूण 45 मीटर. मुलांना मी इथे थांबवते आणि विचारते, चाळीसची गाडी 26 मीटरवर जिथे पूर्ण उभी राहिली, त्या जागी साठच्या गाडीचा वेग किती असेल? बहुतेक जण वीस सांगतात, कुणी तीस. उत्तर आहे 58. साठच्या गाडीने त्या जागी नुकता कुठे ब्रेक दाबलेला असतो. रस्त्यात एखादं पोर आलं असेल, तर एक गाडी त्याच्या पुढ्यात थांबते आणि दुसरी त्याला जवळजवळ पूर्ण वेगाने धडकते. दोघांच्या वेगातला फरक फक्त वीसचा. वर्ग गप्प होतो तो इथेच.

आता पैठण रस्त्यावर या. ताशी 80 ला थांबायला सुमारे 68 मीटर लागतात. डिपरवर दिव्याचा उजेड नीट पडतो तो साधारण चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे रात्री डिपरवर ऐंशीने जाणारा माणूस आपल्या दिव्यांच्याही पुढे धावत असतो. अंधारातली वस्तू दिसेल तेव्हा त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं. समोरच्याचा अप्पर डोळ्यांत गेला की हे अंतर आणखी घटतं. हा सगळा हिशेब कोरड्या रस्त्याचा, चांगल्या टायरचा आणि जाग्या माणसाचा आहे. पहिल्या पावसाने निसरडा झालेला रस्ता, गोटा झालेला टायर, ओव्हरटाइम करून वाळूजहून घरी निघालेला कामगार, यांपैकी काहीही मिळालं की अंतर वाढतंच.

फोनचंही गणित यातच आहे. कुणाचा मेसेज आला हे पाहायला नजर दोन सेकंद खाली गेली, तर साठच्या वेगाने 33 मीटर रस्ता कुणीच पाहिलेला नसतो.

अण्णांना यातलं एकही समीकरण येत नाही. त्यांची रीत वेगळी होती. पुढची गाडी एखाद्या कडुनिंबापाशी किंवा किलोमीटरच्या दगडापाशी पोचली की मनात सावकाश मोजायला लागायचं. तीन म्हणेपर्यंत आपण त्या जागी पोचायचं नाही. रात्री, पावसात आणि बस भरलेली असताना पाच. “पुढच्याचा भरवसा धरायचा नाही, त्याने आत्ता ब्रेक मारला तर, एवढंच डोक्यात ठेवायचं,” असं ते नव्या ड्रायव्हरांना सांगत. तीन सेकंदांची ही रीत फळ्यावरच्या गणिताशी नीट जुळते. ती कोणत्याही वेगाला लागू पडते आणि तिला मीटर मोजावे लागत नाहीत.

उभ्या वाहनाला मागून धडक, ही आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची जुनी जखम आहे. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री वैजापूर तालुक्यात जांबरगावच्या टोलनाक्याजवळ, समृद्धी महामार्गावर, नाशिककडे निघालेली एक छोटी खासगी बस ट्रकवर मागून आदळली. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांचं दर्शन घेऊन परतणारे भाविक त्यात होते. 12 जण गेले, 23 जखमी झाले. तपासणीसाठी तो ट्रक महामार्गावरच थांबवल्याचा आरोप झाला आणि परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली. त्याच वर्षी 1 जुलैला सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बस उलटून पेटली होती आणि 25 प्रवासी जळून गेले होते. समृद्धीवर मोटारीला ताशी 120 ची परवानगी आहे. त्या वेगाला गाडी थांबवायला सुमारे 130 मीटर लागतात, त्यातले पहिले 50 नुसते भानावर येण्यात जातात. शिवाय हा रस्ता सरळ. ना वळण, ना गाव, ना चहाची टपरी. तासन्‌तास तेच दृश्य पाहून डोळे उघडे असतानाही मेंदू झोपू लागतो. रात्री बारा ते पहाटे पाच ही वेळ तर शरीराने झोपेसाठीच राखलेली. लग्नाला, देवाला, मुंबईच्या विमानाला रात्री निघून पहाटे पोचायचं, ही आपली आवडती सोय मला आता सोय वाटत नाही.

देशात 2022 साली रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली; त्यातली 15,224 महाराष्ट्रात. हे आकडे ज्यात आहेत त्या केंद्र सरकारच्या अहवालात दहापैकी सात मृत्यूंचं कारण भरधाव वेग असं नोंदलेलं आहे. खड्ड्यांवर आपण रागावतो, रागवायलाच हवं, पण एवढी माणसं खड्ड्यांनी नेलेली नाहीत.

मागच्या सीटच्या बेल्टविषयी मराठवाड्याला तरी वेगळं सांगावं लागू नये. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 ला दिल्लीत गाडीच्या मागच्या सीटवर बसले होते. रस्ता शहरातला, सकाळची वेळ. बाजूने दुसऱ्या मोटारीची धडक बसली आणि बाहेरून फारशी जखम न दिसणारा माणूस आतल्या रक्तस्रावाने गेला. मागचा बेल्ट शोभेचा असतो या गैरसमजामुळे मित्र गमावला, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे म्हटलं होतं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले; मागे बसलेले, बेल्ट न लावलेले दोघे गेले. ताशी साठने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर बेल्ट नसलेल्या शरीराला बसणारा तडाखा चौथ्या मजल्यावरून खाली पडण्याएवढा असतो. मांडीवर घेतलेल्या दहा किलोच्या बाळाचं ओझं चाळीसच्या वेगालाही त्या क्षणी शंभर किलोच्या वर जातं. कोणत्याही आईच्या हातांत तेवढी ताकद नसते, तिची माया कितीही असो.

शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांच्या अपघाताची मला वेगळ्या कारणाने आठवण होते. 14 ऑगस्ट 2022 च्या पहाटे बीडहून मुंबईला जाताना मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर त्यांची गाडी पुढच्या अवजड वाहनावर आदळली. तासभर मदत मिळाली नाही, असं त्यांच्या चालकाने तेव्हा सांगितलं होतं. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला आपल्या मोटार वाहन कायद्यातही स्वतंत्र व्याख्या आहे, कारण त्या तासात उपचार सुरू झाले तर माणूस वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आणि त्या तासातली पहिली मिनिटं डॉक्टरच्या हाती नसतात. ती तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतात.

त्या संध्याकाळी पाच मिनिटांत पंचवीस-तीस माणसं जमली. काहींचे फोन वर गेले, दिव्यासाठी नव्हे, चित्रीकरणासाठी. पुढाकार घेतला तो जवळच्या टपरीवाल्या काकांनी. त्यांनी आधी दोन पोरांना मोबाइलची बॅटरी लावून मागे, अगदी लांब पिटाळलं, म्हणजे येणारी वाहनं हळू होतील. नाहीतर मदतीला जमलेल्या गर्दीवरच दुसरी गाडी आली असती. मग पांढऱ्या गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. कुणीतरी आजींना ओढून बाहेर काढायला निघालं, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. “मान हलवू नका रे. धूर नाही, आग नाही, घाई कसली? ॲम्ब्युलन्सवाले काढतील.” कुणी पाण्याची बाटली पुढे केली, तीही त्यांनी परत केली. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि शस्त्रक्रिया करायची तर पोट रिकामं लागतं. मी 108 ला फोन लावला, गावाचं नाव आणि जवळची खूण सांगितली. कपाळाच्या जखमेवर काकांनी स्वच्छ उपरणं दाबून धरलं आणि पुन्हा पुन्हा उचलून न पाहता तसंच धरून ठेवलं. आजींना घाटी रुग्णालयात नेलं.

गर्दीतला एक तरुण नंतर मला म्हणाला, “मॅडम, हात लावायला भीती वाटते. पोलीस कोर्टात फिरवतील.” ही भीती खोटी नाही, एके काळी तसं घडतही होतं. पण कायदा बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही, खर्च मागता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. गंभीर जखमीला त्या पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला आता केंद्राकडून 25 हजार रुपयांचं बक्षीस मिळतं. मे 2025 पासून जखमीच्या उपचारांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची रोखरहित सोयही आहे. पैसे कोण भरणार, या प्रश्नावर अडून राहण्याचं कारण उरलेलं नाही.

पांढरी गाडी वेगात होती, हे खरं. पण ती ट्रॉली दिसली असती तर तो वेग कदाचित निभावून गेला असता, असं अण्णा आजही म्हणतात आणि मला ते पटतं. रस्त्यावर वाहन बंद पडलं तर ते मागच्याला दिसावं, ही ते सोडून जाणाऱ्याची जबाबदारी आहे. नव्या मोटारीबरोबर मिळणारा लाल त्रिकोण बहुतेकांच्या डिकीत वेष्टनासकट पडून असतो. तो मागे शंभर पावलांवर उभा करायचा असतो, महामार्गावर त्याहूनही लांब. गाडीला अगदी चिकटून ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग नाही. वरचं गणित तेच सांगतं.

दिवाळी सरली की पुन्हा कोयते बाहेर पडतील आणि पैठण, गंगापूर, कन्नडकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागेल. तुमच्या शेतातून किंवा गावातून ट्रॉली भरून निघत असेल, तर ती हलण्यापूर्वी मागे जाऊन उभे राहा. पाचट छाटून घ्या, दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. एक कप चहा पिण्याइतक्या वेळाचं काम आहे. पट्टी नसेल तर रात्रीची ट्रॉली रस्त्यावर जाऊ देऊ नका, मालकाला राग आला तरी.